मशीन चांगलं होतं, बोर्ड मात्र गेला

जुलैत बेळगावच्या वडगावात आमच्या घरी हाताने धुतलेला एकही कपडा धड वाळत नाही. स्वयंपाकघरात दोऱ्या, जिन्यात दोऱ्या, पंखा रात्रभर चालू, तरी सकाळी चादरीला कुबट वास असतोच. त्यात सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. दिवसाला दोन चादरी, जुन्या साड्यांच्या घड्या, कधी गोधडीसुद्धा धुवावी लागते. त्यांच्यासाठीच आम्ही समोरून दार असलेलं कपडे धुण्याचं मशीन घेतलं. शेवटच्या फेरीत ते चादर अशी पिळून काढतं की पावसातही ती रात्रीत वाळते. हे आधी सांगते, कारण मशीन बंद पडल्यावर माझी जी घाई झाली, त्या घाईतच मी फसले.

त्या मंगळवारी मशीन मध्येच थांबलं. आत पाणी भरलेलं, काचेमागे चादर बुडालेली, दार घट्ट बंद आणि वरच्या पट्टीवर दोन अक्षरं लुकलुकत होती. आमचे हे उद्यमबागेत पहिल्या पाळीला गेलेले. मी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकलं, पुढे 'कस्टमर केअर बेळगाव' लिहिलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. वॉरंटीचं पुस्तक शेजारच्याच कपाटात होतं. त्याच्या मागच्या पानावर खरा नंबर छापलेला होता. तो मी बघितला नाही.

फोनवरची मुलगी हिंदीत बोलली, पत्ता घेतला, आणि दीड तासात माणूस दारात हजर. टोपीवर कंपनीचं नाव. गळ्यात ओळखपत्र होतं, ते उलटं लटकत होतं, त्यामुळे फोटो दिसला नाही. चपला बाहेर काढून आला आणि मशीनकडे जायच्या आधी सासूबाईंच्या खाटेजवळ थांबला. "आजी, कसं काय ओ? जेवलासा?" सासूबाईंचं माहेर नंदगड. तो म्हणाला, माझी आईपण खानापुरातलीच की ओ. सासूबाई किती दिवसांनी हसल्या.

माझा सगळा संशय तिथेच विरघळला. इकडे फोनवर हिंदी, कचेरीत कानडी, कागदावर इंग्रजी असं दिवसभर चालतं. अशात कोणी दारात उभं राहून आपल्या घरच्यासारखं बोललं की मन मोकळं होतं. त्या माणसाने माझं हे मन ओळखलं आणि वापरलं. पैशापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

त्याने मशीनचं वरचं झाकण काढलं, आतला बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, बाहेर घेतला आणि माझ्या नाकाजवळ धरला. "वास बघा काकू, जळलाय." मला वास आला नाही, खरं मी मान डोलावली. मग त्याने मीटर काढला, दोन टोकं बोर्डावर टेकवली. मीटर 'टीं' करून वाजला. "शॉर्ट आहे. पावसात होल्टेज वरखाली होतं ना, त्यानं गेला." नवा बोर्ड साडेनऊ हजार, वर्कशॉपला नेऊन दुरुस्त केला तर सहा हजार, दोनशे भेटीचे वेगळे. तीन हजार आगाऊ. मी त्याच्या मोबाईलवरचा क्यूआर स्कॅन केला. नाव कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाचं आलं. विचारल्यावर म्हणाला, मालकाचं खातं आहे. बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेला. पावती मागितली तर "काम झाल्यावर पक्कं बिल देतो" म्हणाला.

माझ्या मुलीने तेवढ्यात एक काम केलं होतं. बोर्ड बाहेर काढलेला असताना तिने बाबांना दाखवायला त्याचा फोटो काढून पाठवला होता. त्या फोटोचं मोल आम्हाला नंतर कळलं.

तो चौथ्या दिवशी आला. तोपर्यंत चादरी हाताने धुऊन माझे हात सोलवटले होते आणि सासूबाईंना ओलसर चादरीवर झोपवायची वेळ आली होती. त्याने बोर्ड बसवला आणि मला म्हणाला, "काकू, टाकीचा कॉक पूर्ण उघडा आहे का, जरा वर जाऊन बघून येता?" मी गच्चीवर गेले, पाऊस होता, पाच-सात मिनिटं लागली. खाली आले तर मशीनसमोर फरशी ओली, पोतेरं पिळून बाजूला ठेवलेलं. "पाईप काढला होता," म्हणाला. मशीन सुरू केलं. पाणी भरभर गेलं, दार उघडलं. मी उरलेले बत्तीसशे रुपये दिले, वर चहा दिला. बिल 'व्हॉट्सअ‍ॅपवर येईल' ते आजतागायत आलं नाही.

तीन आठवड्यांनी तीच दोन अक्षरं, तेच पाणी, तेच बंद दार. फोन लावला तर म्हणे, आता पंप गेलाय, अडीच हजार होतील.

त्या दिवशी आमच्या गल्लीतले एक मामा सासूबाईंना बघायला आले होते. त्यांनी आयुष्यभर वडगावातल्या मागांची दुरुस्ती केली. कुठलंही चालतं यंत्र थांबलं की आधी कचरा कुठे अडकला ते बघायचं, ही त्यांची सवय. मी मशीनसमोर डोकं धरून बसलेले बघून म्हणाले, "काय करूलालीस गं? ह्याचं पाणी जातं कुठनं, ते दाव आधी."

मशीनच्या खालच्या कोपऱ्यात हाताच्या तळव्याएवढी झडप असते. मशीन घेतल्यापासून मी ती कधी उघडली नव्हती. मामांनी आधी प्लग काढायला लावला, नळ बंद करायला लावला. झडपेआड एक बारीक रबरी नळी आणि शेजारी एक मोठी गोल गुंडी. खाली परात लावली, नळीचं बूच काढलं आणि पाणी हळूहळू परातीत सोडलं. चार परात्या भरल्या. मग गुंडी डावीकडे फिरवून ओढली. ती गाळणीच होती. तिच्याबरोबर जे आलं ते मी अजून विसरले नाही: राखाडी, बुळबुळीत गोळा, मुठीएवढा. उलगडून बघितला तर कापूस आणि जेलीसारखे दाणे. सासूबाईंच्या खाली जे कागदी पॅड घालतो, त्याचा तुकडा चादरीला चिकटून आत जात होता आणि फुटत होता. त्या गोळ्यात एक ब्लाऊजचा हूक, एक केसांची पिन आणि एक रुपयाचं नाणं होतं.

मामांनी बॅटरी लावून आतला पंपाचा छोटा पंखा बोटाने फिरवून दाखवला. तो सरळ फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. आत लोहचुंबक असल्यामुळे तसं होतं, तो बिघाड नव्हे. गाळणी नळाखाली धुतली, रबरी कडी पुसली, घट्ट बसवली. मशीन सुरू झालं. सगळं मिळून वीस मिनिटं.

तेव्हा मला ती ओली फरशी आठवली. मी गच्चीवर असताना त्याने हेच केलं होतं.

संध्याकाळी ह्यांनी वरचं झाकण काढलं आणि मुलीने काढलेला फोटो शेजारी धरला. फोटोतल्या बोर्डावर पांढरं स्टिकर कोरं करकरीत, वरचा पारदर्शक डिंकासारखा थर अखंड. आत्ताच्या बोर्डावर स्टिकरचा नंबर वेगळा, कडेला तो थर कोरून काढलेला, मध्ये जाड काळपट डाग दिलेले. आमचा चांगला बोर्ड नेला आणि कुणाचा तरी डागडुजी केलेला बसवला. नंतर पुस्तकातल्या खऱ्या नंबरावर फोन करून कंपनीचा माणूस बोलावला, त्यानेही तेच सांगितलं. त्याने आल्याबरोबर छापील पावती फाडून हातात दिली, मगच झाकणाला हात लावला.

मीटरच्या 'टीं'चं कोडं मामांनी सोडवलं. ह्यांचा मीटर घेऊन दोन्ही टोकं स्वयंपाकघरातल्या चमच्याला लावली. चमचासुद्धा 'टीं' करून वाजला. दोन टोकांमध्ये धातूची वाट जोडलेली आहे, एवढंच तो आवाज सांगतो.

आता मी जे शिकले ते सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्यात हा खेळ अनेक घरांत चालत असणार.

पट्टीवर येणारी अक्षरं म्हणजे मशीन बोलत असतं. पाणी बाहेर जात नसेल तर एलजीच्या मशीनवर 'ओई' येतं, बॉशवर 'ई १८', सॅमसंगवर '५सी' किंवा '५ई'. तुमच्या मशीनचा अर्थ पुस्तकात दिलेला असतो. ड्रममधली पातळी ठरल्या वेळेत खाली आली नाही, हे बोर्डाला कळतं म्हणून तो मशीन थांबवतो. आत पाणी असताना दार उघडलं तर घरभर पाणी होईल म्हणून दारही सोडत नाही. ज्या बोर्डाने एवढं ओळखलं आणि सांगितलं, तो जळला म्हणणाऱ्याला आधी गाळणी उघडून दाखवायला सांगा. बोर्डातला पंप चालवणारा भाग कधीकधी खरंच जळतो, खरं त्याचा नंबर गाळणी, मागची नळी आणि पंप तपासल्यानंतर येतो.

गाळणी उघडताना प्लग काढलेलाच हवा. गरम पाण्याची धुलाई चालू असेल तर तासभर थांबा, ते पाणी भाजतं. गुंडी एकदम काढू नका, पाणी अंगावर येतं. परत बसवल्यावर पहिली फेरी संपेपर्यंत झडपेखाली कोरडा कपडा ठेवून बघा, ओला झाला तर कडी नीट बसलेली नाही. गाळणी स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर मागची नळी भिंतीला दाबली गेली आहे का, ते बघा. आणि मशीनमध्ये पाणी येतच नसेल तर नळाची नळी मशीनला जोडते तिथली बारीक जाळी बघा. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं आणि पहिल्या पाण्याबरोबर वाळू येते. ती जाळी जुन्या ब्रशने घासली की काम होतं.

बोर्डाला मात्र घरी हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहते.

दुसरी भीती घालतात ती बेअरिंगची, म्हणजे ड्रम ज्याच्यावर फिरतो त्या भागाची. ते खरंच जातं, पण त्याची खूण लपत नाही. पिळण्याच्या फेरीत लेथ चालू असल्यासारखी घरघर येते. रिकामा ड्रम आतल्या काठाला धरून वर उचलून बघा. बाहेरच्या टबाशिवाय ड्रम एकटाच खुळखुळला तरच बेअरिंगवर संशय घ्या. सगळंच एकत्र हलत असेल तर ते स्प्रिंगवर टांगलेलं असतं म्हणून हलतं. हे काम घरी करण्यासारखं नाही. अख्खा टब बाहेर काढावा लागतो आणि काही मशीनचा टब जोडून बंद केलेला असतो, तो पूर्णच बदलावा लागतो. म्हणूनच ह्या नावाने मोठी रक्कम मागता येते.

तक्रारीचं सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. ऑनलाईन पैसे देताना फसलात तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवून ठेवण्याची शक्यता कमी. आम्ही तीन आठवड्यांनी केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तिथे दाद मागता येते. खरं दाद मागायची कुणाविरुद्ध? माझ्याकडे बिल नाही, दुकानाचा पत्ता नाही, ओळखपत्र उलटं होतं, पैसे गेले ते खातं तिसऱ्याच्या नावावर. अर्ज लिहायला बसले आणि 'विरुद्ध पक्षाचे नाव व पत्ता' ह्या ओळीवर पेन थांबला. बासष्टशे रुपये आणि आमचा मूळ बोर्ड, दोन्ही परत आले नाहीत.

आता सासूबाईंच्या चादरी मशीनमध्ये घालण्याआधी मी जिन्यात झटकते, पॅडचा तुकडा बोटाने खरवडून काढते. दर रविवारी गाळणी उघडते. खरा नंबर मुलीने मशीनच्या बाजूला कागदावर लिहून चिकटवला आहे.

गेल्या आठवड्यात टिळकवाडीहून माझ्या नणंदेचा फोन आला, आवाज दबका. मशीन थांबलंय, माणूस आलाय, म्हणतो बोर्ड जळलाय, घेऊन जातो. मी म्हटलं, "त्याला म्हणावं बोर्ड खाली ठेव, आणि स्पीकर चालू कर." स्पीकरवर मी विचारलं, "दादा, गाळणी उघडून बघितलासा?" पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग गाडी काढायची आहे, साहेबांचा फोन आलाय, असं काहीतरी ऐकू आलं. मी रिक्षाने पोचेपर्यंत तो गेला होता. झाकणाचे चार स्क्रू मशीनवर तसेच पडले होते. नणंदेने परात आणली, मी झडप उघडली. पाण्याबरोबर तिच्या नातवाचा पायमोजा बाहेर आला.