मायनेता: उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र तपासायचं साधन, पण जपून वापरायचं

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. लिहितो ते एवढ्यासाठी की निवडणूक आली की ‘त्याच्यावर वीस गुन्हे आहेत’, ‘पाच वर्षांत संपत्ती दहापट झाली’ ही वाक्यं पारापासून टीव्हीपर्यंत फिरतात आणि कागद कुणी उघडत नाही. कागद उघडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे मायनेता डॉट इन्फो. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही.

चालवते ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’, म्हणजे अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ साली काढलेली संस्था. उमेदवारांनी गुन्हे, संपत्ती आणि शिक्षण जाहीर करावं हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल याच संस्थेच्या याचिकेवरचा. तेव्हापासून भरला जाणारा नमुना २६, म्हणजेच उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, इथे टंकून मांडलेला असतो.

नावाने शोधू नका. मूळ प्रतिज्ञापत्र बहुधा मराठीत आणि इथली पानं इंग्रजीत, त्यामुळे एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं निघतात. निवडणुकीचं वर्ष, मग जिल्हा (लोकसभेला राज्य), मग मतदारसंघ या वाटेने जा आणि वडिलांचं नाव, वय, पक्ष जुळवा. २०१४ च्या लोकसभेला रायगडमध्ये सुनील तटकरे नावाचे दोन उमेदवार होते. त्यांतल्या राष्ट्रवादीच्या तटकरेंवर अनंत गीते २,११० मतांनी जिंकले आणि नामसाधर्म्याच्या अपक्षाने ९,८४९ मतं घेतली. मतदाराची गफलत होते तिथे लिहिणाऱ्याचीही होते.

गुन्ह्यांचा आकडा पानावर ठळक दिसतो आणि तोच सर्वांत फसवा. खाली कलमं दिलेली असतात, ती वाचल्याशिवाय आकडा लिहू नये. जुन्या भारतीय दंड संहितेची १४३, १४९, १८८, ३४१ ही कलमं आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ व १३५ दिसलं, तर बहुतेक वेळा तो मोर्चा किंवा रास्ता रोको असतो. ३०२ (खून), ३०७ (खुनाचा प्रयत्न), ४२० (फसवणूक) किंवा ३७६ (बलात्कार) असेल तर बाब निराळी. दहा आंदोलनांचे दहा गुन्हे आणि खुनाच्या प्रयत्नाचा एक गुन्हा यांची तुलना आकड्याने होत नाही. आरोप निश्चित झालेत का आणि शिक्षा झाली आहे का, हे रकाने वेगळे वाचावेत. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने त्यानंतरच्या प्रतिज्ञापत्रांत जुनी-नवी दोन्ही कलमं येतात आणि क्रमांक जुळत नाहीत. नव्या संहितेतलं ३०३ म्हणजे चोरी, खुनाचं कलम १०३.

संपत्तीच्या यादीत मालमत्ता आणि देणी शेजारी-शेजारी असतात, पण वजाबाकी आपल्यालाच करावी लागते. एकूण आकड्यात पती किंवा पत्नी आणि अवलंबितांचाही वाटा असतो. वाढ सांगायची तर आधी जंगम आणि स्थावर वेगळं करा. शहरालगतची तीच पाच एकर पाच वर्षांनी चालू बाजारभावाने दाखवली की एक रुपया न कमावताही संपत्ती तिप्पट दिसते. जमीन वडिलोपार्जित की स्वतः घेतलेली, हे मूळ कागदात लिहिलेलं असतं. प्राप्तिकर विवरणपत्रातलं पाच वर्षांचं उत्पन्न २०१९ पासून द्यावं लागतं. संपत्तीतली वाढ त्या उत्पन्नापुढे ठेवली, तरच काही अर्थ निघतो. बातम्यांत हा रकाना क्वचितच येतो, याचं नवल वाटतं.

टंकलेखनात एखादं शून्य इकडचं तिकडे होऊ शकतं. हस्तलिखित स्कॅन अस्पष्ट असेल तर जास्तच. म्हणून छापण्याआधी निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्र पोर्टलवरची पीडीएफ उघडा. एका मतदारसंघात उमेदवार चार अर्ज भरू शकतो, त्यामुळे एकाच नावापुढे अनेक प्रती दिसतात. तारखा पाहून त्यांतला फरक तपासा. आणखी एक लक्षात असू द्या: हा मजकूर उमेदवाराने स्वतः दिलेला असतो, आयोगाने पडताळलेला नसतो. म्हणून ‘संपत्ती आहे’ असं न लिहिता ‘संपत्ती जाहीर केली आहे’ असं लिहावं. खोटी माहिती दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आमदार-खासदारांसाठी साधन उत्तम. गावच्या सरपंचाचं प्रतिज्ञापत्र मात्र इथे शोधण्यात वेळ घालवू नका. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे असते.