२८ लिटरचा ओटीजी: दिवाळीपासून आजपर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या तोंडावर घेतलेला हा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेची छोटी भट्टी) आता घरात चांगला रुळलाय, म्हणून लिहिते. केक-बिस्किटांची मला हौस नाही. त्यासाठी पुण्यात बेकऱ्या काय कमी आहेत? भाऊबीजेला पंधराएक माणसं जमतात आणि मी कढईपाशी अडकते, हे थांबवायचं होतं. शिवाय चकली-शेव खाऊन कंटाळलेल्यांना भाजीचं काहीतरी चमचमीत हवंच असतं.

या कामात तो पास. फ्लॉवरचे तुरे धुऊन फडक्यावर खडखडीत वाळवायचे. मग घट्ट चक्का, आलं-लसूण, तिखट, गोडा मसाला, भाजलेलं बेसन आणि पळीभर तेल चोळून तापलेल्या ओव्हनमध्ये २०० डिग्रीवर साधारण २५ मिनिटं. कडा तपकिरी होतात आणि देठ दाताखाली लागतो. मात्र ट्रे गच्च भरलात तर तुरे आपल्याच वाफेत शिजून गिचका होतो. मध्ये जागा सोडायची म्हणजे एका खेपेला मध्यम आकाराचा एकच गड्डा. दुकानात सांगतात ते ‘भरपूर मावतं’ केकच्या हिशेबाने असावं.

भरल्या मशरूमना पाणी फार सुटतं. टोप्या आधी रिकाम्याच दहा मिनिटं भाजायच्या, पाणी ओतून टाकायचं आणि मग पनीर-सिमला मिरचीचं सारण भरायचं. पाहुण्यांत सगळ्यात आधी संपतात त्या याच. वाफवलेल्या अळूवडीचे काप दोन्हीकडून तेलाचा हात फिरवून भाजले तर छान खुटखुटीत होतात. कोथिंबीर वडी मात्र कोरडी पडते, घशात अडकते. सासूबाईंनी एक खाऊन ‘औषध म्हणून चांगली आहे’ असं प्रशस्तिपत्र दिलं. तेव्हापासून ती आमच्याकडे पुन्हा कढईतच.

आता तक्रारी. बटण २०० वर असताना आत ठेवलेला थर्मामीटर १८० च्या आसपासच दाखवतो, म्हणून मी २२० वर लावते. मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, त्यामुळे निम्म्या वेळेनंतर ट्रे फिरवावाच लागतो. टायमरची घंटी उन्हाळ्यात बंद पडली. कंपनीचा माणूस ‘उद्या येतो’ म्हणाला, तो उद्या अजून उजाडलेला नाही. मोबाइलवर गजर लावते.

घेण्याआधी ओट्याजवळचा प्लग बघा. ओव्हन १५०० वॅटचा आहे, म्हणजे साडेसहा अँपिअर ओढतो. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका, १६ चाच हवा. पेठेतल्या जुन्या घरांत तो बहुधा फ्रिज किंवा गीझरपाशीच सापडतो. विजेचा बाऊ नको. तापमान आलं की रॉड बंद-चालू होत राहतात, त्यामुळे तासाला दीड युनिटच्या आतच जातं. वरचा पत्रा मात्र चटका बसेल इतका तापतो. भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि वर डबे तर मुळीच नकोत.

सोबत ट्रे एकच येतो. मी तुळशीबागेतून ॲल्युमिनियमचा आणखी एक आणला. एक आत असेपर्यंत दुसरा मांडून तयार, त्यामुळे खेपांमध्ये पाहुण्यांना ताटकळावं लागत नाही. आणायला जाताना ओव्हनची आतली रुंदी मोजून न्या, कारण २८ लिटरचं असं एकच ठरलेलं माप नसतं.