मागच्या बाजूने पाहिलेला वाडा : लुईझियानातील व्हिटनी प्लांटेशन

न्यू ऑर्लिन्सहून मोटारीने तासाभरात मिसिसिपी नदीकाठच्या ऊसमळेवाल्यांचे वाडे लागतात. अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीच्या या वास्तूंपैकी सर्वाधिक छायाचित्रे निघतात ती ओक ॲलीची. १८३९ साली पूर्ण झालेल्या त्या वाड्याला २८ खांब आणि समोर तितकेच ओक वृक्ष आहेत. खांब दगडी वाटले, तरी गिलाव्याखाली विटा आहेत आणि त्या गुलामांनी घडवलेल्या आहेत. आम्ही सकाळी तेथे गेलो, प्रमाणबद्धतेचे मनापासून कौतुक केले आणि दुपारी व्हिटनी या दुसऱ्या ऊसमळ्यावर पोहोचलो. हा क्रम उलटा असता तर बरे झाले असते.

२०१४ पासून संग्रहालय म्हणून खुल्या असलेल्या व्हिटनीत आमची फेरी मालकाच्या घरापासून नव्हे, तर गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांनी १८६५ नंतर बांधलेल्या चर्चपासून सुरू झाली. आत गुलाम मुलांचे मातीचे पुतळे उभे आहेत. हे शिल्पकार वुडरो नॅश यांचे काम आहे. त्यानंतर गुलामांची नावे कोरलेल्या भिंती आणि दोन कुटुंबांनी मध्ये एकच धुराडे वाटून घ्यावे अशी लाकडी खोपटी लागतात. वाटेत ऊसाचा रस आटवण्याच्या लोखंडी काहिली मांडलेल्या आहेत. ज्याने गावी गुऱ्हाळ पाहिले आहे, त्याला त्यांची ओळख पटवून द्यावी लागत नाही. रस एका काहिलीतून पुढच्या लहान काहिलीत पळीने ओतत न्यायचा आणि गाळप संपेपर्यंत रात्रपाळ्या करायच्या, हे काम येथे माणसे विकत घेऊन करवले जाई, एवढाच काय तो फरक, आणि तो पुरेसा आहे.

या क्रमाने आल्यावर मुख्य घर फारसे भव्य वाटत नाही. किंबहुना वास्तू म्हणून ते तेव्हाच नीट वाचता येते. हे घर क्रिओल, म्हणजे लुईझियानाच्या वसाहतकाळात रुळलेल्या पद्धतीचे, अठराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलेले आहे. नदीच्या पुराचा आणि ओलीचा विचार करून तळमजला विटांचा केला आहे आणि राहण्याची जागा वर आहे. वरच्या भिंतींत लाकडी सांगाड्यामध्ये चिखल आणि झाडांवर लोंबणारे स्पॅनिश मॉस कालवून भरले आहे, त्यामुळे कोकणातील कुडाच्या भिंतींची आठवण होते. आत बोळ नाहीत. खोल्या एकमेकींत आणि रुंद सोप्यावर उघडतात, म्हणून वारा आरपार जातो. ही सोय डोक्याने केलेली आहे, यात शंका नाही. मात्र तिचा गारवा कोणाच्या वाट्याला होता, हे खोपट्यांतून आलेल्याला सांगावे लागत नाही.

एक उणीव नोंदवतो. चर्चसह काही इमारती दुसरीकडून आणून येथे उभ्या केल्या आहेत, त्यामुळे मूळ जागेवर काय होते हे आवर्जून विचारावे. आमच्या सहल कंपनीने येथे जेमतेम दीड तास दिला, तो अपुरा पडला.

मे २०२५ मध्ये नॉटोवे हा १८५९ चा प्रचंड वाडा जळाला. तोही मळा गुलामांच्या श्रमावर चालला होता, आणि तेथे लग्ने लागत असत. त्यामुळे कोणी हळहळले, तर कोणी आनंद व्यक्त केला. व्हिटनीत लग्ने लावू देत नाहीत. जाणाऱ्यांनी सकाळी आधी येथेच यावे, स्वतःची गाडी आणि टोपी आणावी, आणि ओक ॲली दुपारसाठी ठेवावी.