मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील शेअर्ड मेलबॉक्स : परवानग्यांच्या व्यवस्थेचे परीक्षण

मुंबईतील सीए कार्यालयांत ग्राहकांची कागदपत्रे बहुधा एकाच सामायिक ईमेल पत्त्यावर येतात, आणि तो पत्ता भागीदारांपासून आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीचे कार्यालयातील प्रशिक्षण) करणाऱ्या मुलांपर्यंत सगळेच हाताळतात. अनेक ठिकाणी त्याचा पासवर्डही सर्वांना ठाऊक असतो आणि एखादा आर्टिकल दोन वर्षे पूर्ण करून गेला तरी तो बदलण्याचे कोणी मनावर घेत नाही. फोर्टमधील आमच्या कार्यालयात त्याऐवजी मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील शेअर्ड मेलबॉक्स (प्रत्येकाने स्वतःच्याच खात्यातून उघडायचा सामायिक मेलबॉक्स) वापरला जातो. परवानगी देणे कोणत्याही प्रणालीत सोपेच असते. या परीक्षणात मी ती मर्यादित ठेवण्याच्या आणि काढून घेण्याच्या सोयीकडे अधिक लक्ष दिले आहे.

खर्चाच्या बाजूने तक्रारीला जागा नाही. ५० जीबीपर्यंत मेलबॉक्सला वेगळे लायसन्स लागत नाही. तो वापरणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचे लायसन्स असले म्हणजे पुरते.

या सोयीचा खरा गुण असा की वाचण्याचा आणि पाठवण्याचा अधिकार येथे वेगवेगळा ठेवला आहे. ‘फुल ॲक्सेस’ मिळालेली व्यक्ती मेलबॉक्स उघडू शकते, मेल वाचू व हटवू शकते, परंतु त्या पत्त्यावरून उत्तर पाठवू शकत नाही. त्यासाठी ‘सेंड ॲज’ द्यावे लागते, ज्यात ग्राहकाला केवळ कार्यालयाचा पत्ता दिसतो, किंवा ‘सेंड ऑन बिहाफ’, ज्यात पाठवणाऱ्याचे नावही दिसते. आर्टिकलने बँक स्टेटमेंट उतरवून घ्यावे, पण करविषयक सल्ला कार्यालयाच्या नावाने देऊ नये, ही आमच्या व्यवसायातील साधी शिस्त त्यामुळे सॉफ्टवेअरमध्येच उतरते. जीमेलच्या डेलिगेशनमध्ये अशी विभागणी नाही. ज्याला प्रवेश मिळाला, तो वाचणे, पाठवणे आणि हटवणे हे तिन्ही करू शकतो.

काढून घेण्याच्या बाबतीत मात्र मत इतके अनुकूल राहत नाही. कार्यालय सोडून गेलेल्याचे खाते बंद केले की प्रश्न मिटतो. अडचण असते ती करविभागातून लेखापरीक्षणाकडे गेलेल्याची, कारण त्याचे खाते चालूच राहते आणि जुना प्रवेशही. एका व्यक्तीकडे कोणकोणत्या मेलबॉक्सचा प्रवेश आहे, याची एकत्रित यादी ॲडमिन सेंटरमध्ये (खाती व परवानग्या सांभाळण्याच्या पोर्टलवर) मिळत नाही; प्रत्येक मेलबॉक्स उघडून पाहावा लागतो किंवा पॉवरशेलचा (आज्ञा टाइप करून काम करून घेण्याच्या साधनाचा) आधार घ्यावा लागतो, आणि पॉवरशेल जाणणारा माणूस लहान कार्यालयात कोठून आणायचा? व्यक्तीऐवजी ईमेल-सक्षम सिक्युरिटी ग्रुपला (स्वतःचा ईमेल पत्ता असलेल्या वापरकर्त्यांच्या गटाला) परवानगी दिल्यास हे काम पुष्कळ हलके होते, पण मग मेलबॉक्स आउटलुकमध्ये आपोआप दिसत नाही व प्रत्येकाला तो स्वतः जोडावा लागतो. तरीही आर्टिकल सतत बदलणाऱ्या कार्यालयाने ग्रुपचाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे. केलेला बदल लागू होण्यास तासभर लागू शकतो, हे विवरणपत्रांच्या गर्दीत विसरून चालत नाही.

केवळ वाचण्यापुरता प्रवेश देण्याचा पर्याय ॲडमिन सेंटरमध्ये समोर नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. फोल्डरच्या पातळीवर ‘रिव्ह्यूअर’ ही केवळ वाचण्याची भूमिका देता येते, पण ती फोल्डरगणिक द्यावी लागते. पाठवलेल्या मेलची प्रत मुळात पाठवणाऱ्याच्याच मेलबॉक्समध्ये जाते. ती सामायिक मेलबॉक्समध्येही ठेवण्याचे सेटिंग आहे आणि ते पहिल्याच दिवशी चालू करावे, नाहीतर एकाच ग्राहकाला दोघांची दोन उत्तरे जातात. कोणी काय हटवले याच्या नोंदी सर्वसाधारण योजनेत १८० दिवस टिकतात, परंतु त्या परव्ह्यू या वेगळ्या पोर्टलवर शोधाव्या लागतात.

शेवटची बाब सुरक्षिततेची. प्रत्येक शेअर्ड मेलबॉक्समागे एक वापरकर्ता-खाते असते. त्याचे थेट साइन-इन बंद आहे ना, हे ॲडमिन सेंटरमध्ये तपासून घ्यावे. ते चालू राहिले आणि कोणी पासवर्ड रीसेट करून आत शिरले, तर नोंदींमध्ये त्या व्यक्तीऐवजी मेलबॉक्सचेच नाव उमटते आणि वेगवेगळ्या परवानग्या देण्याचा सारा खटाटोप निरुपयोगी ठरतो.