'कन्फर्म जोडी' म्हणून मला विकलेले लाल सेव्हेरम

मोठे पण शांत सिक्लिड (घरच्या टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांचं एक कुळ) पाळणाऱ्याला फसवणं सोपं असतं, कारण आपण ज्यासाठी पैसे मोजतो ते त्या दिवशी माशात दिसतच नाही. सेव्हेरम, उआरू, चॉकलेट सिक्लिड, जिओफॅगस ही सगळी मंडळी विक्रीला येतात तेव्हा बोटभर आणि मळकट रंगाची असतात. त्यांचं खरं रूप दिसायला वर्ष सहज जातं. तोपर्यंत विकणाऱ्याची गॅरंटी केव्हाच संपलेली असते. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. तीच माणसं अजून तसेच मासे विकत आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मला विकली गेली ती 'रेड शोल्डर सेव्हेरमची कन्फर्म जोडी, अंडी घालून झालेली'. फोटोत दोन मासे होते, कल्ल्यापासून पोटापर्यंत निखाऱ्यासारखे लाल, आणि शेजारी अंड्यांनी भरलेला सपाट दगड. लांबी साडेतीन इंच. रेड शोल्डरमध्ये खांद्यावरचा तो लालसर पट्टा मासा मोठा होत जाईल तसा चढत जातो, पिल्लू साधं करडं-हिरवटच असतं. पूर्ण वाढलेला सेव्हेरम 8 इंच आणि कधी त्याहून मोठा होतो. मग साडेतीन इंचाला एवढा भडक रंग कसा, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "आमची लाइनच तशी आहे, पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेली." निवड पद्धतीने रंग सुधारता येतो हे खरं आहे, म्हणून हे खोटं लगेच पकडता येत नाही.

मासे आले आणि टँकच्या कोपऱ्यात उभे राहिले. काही दिवस गेले तरी तिथून हलेनात. फोन केला तर विक्रेता म्हणाला, "सेव्हेरम आहेत साहेब, शांतच असणार. शांत म्हणूनच घेतलेत ना?"

या एका वाक्याचा मला आजही राग येतो. आजाराची मरगळ 'स्वभाव' म्हणून खपवायची ही युक्ती शांत माशांच्या बाबतीतच चालते. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नसारखा दांडगा सिक्लिड असा उभा राहिला असता तर कोणालाही शंका आली असती. निरोगी सेव्हेरम शांत असतो म्हणजे इतरांना मारत सुटत नाही, एवढंच. रुळला की माणूस दिसताच काचेशी येतो, खाणं मागतो, कोवळ्या पानांचा फडशा पाडतो, आपल्या जातीच्या माशाशी थोडी धक्काबुक्कीही करतो.

नीट पाहिलं तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. वरून बघितल्यावर डोक्यामागचा भाग खोल गेलेला होता, म्हणजे मासे खंगलेले होते. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत होती, म्हणजे आतड्यात परजीवी असण्याची दाट शक्यता. आणि डोळे शरीराच्या मानाने फार मोठे होते. ही तिसरी खूण लक्षात ठेवा. कोंदट टँकमध्ये, कमी पाणी बदलून वाढवलेल्या माशाचं शरीर खुंटतं, डोळा मात्र त्या प्रमाणात खुंटत नाही. माझे मासे पिल्लं नव्हतीच, वाढ मारलेले वयस्क मासे होते.

उपचार केले, खाणं सुरू झालं, मासे हिंडू-फिरू लागले. आणि रंग उतरायला लागला. आधी पोटाकडचा लाल फिकट नारिंगी झाला, मग कल्ल्यामागचा, आणि शेवटी दोन करडे मासे उरले. पाणी स्वच्छ, माशांना विषारी ठरणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान 27 अंश. मासे आधीपेक्षा तब्येतीने बरे आणि रंगाने मात्र पार उतरलेले. हे हार्मोनचं लक्षण आहे. मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोन खाद्यातून देता येतं. तिलापिया हाही सिक्लिडच, आणि त्याची सगळी पिल्लं नर व्हावीत म्हणून मत्स्यशेतीत ते वापरतात. शोभेच्या माशांना ते दिलं की मादीलाही नराचा रंग चढतो, वयाच्या आधी चढतो, आणि खाद्य थांबलं की ओसरतो. प्रजननक्षमता बिघडू शकते ती वेगळीच.

इथे एक फरक सांगायला हवा. अ‍ॅस्टाझँथिन (एक लालसर रंगद्रव्य) किंवा स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेलं खाद्य म्हणजे फसवणूक नव्हे. त्याने मुळात असलेला रंग खुलतो, पण करड्या पिल्लाचा लालभडक नर होत नाही.

मग 'जोडी'चं सत्य बाहेर आलं. दोघांनी मिळून टँकमधली एक सपाट पाटी चोचून साफ केली, दोघांच्याही पोटाखाली अंडी घालायच्या वेळी बाहेर येणारी प्रजननाची नळी दिसू लागली. या वेळी मादीची नळी जाड आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार. इथे दोन्ही जाड होत्या. एकीने अंड्यांच्या ओळी घातल्या, थोड्या वेळाने दुसरीने तिथेच आपल्या ओळी घातल्या. दोघींनी पंखांनी वारा घालत अंडी राखली आणि ती सगळी पांढरी पडून बुरशीने गेली. नुसती अंडी पांढरी पडली म्हणून नर नाही असं ठरत नाही, नवख्या जोडीचीही पहिली अंडी अशी जातात. पण दोघींनी अंडी घातल्यावर शंकेला जागा राहत नाही. सिक्लिडमध्ये नर नसला तर दोन माद्या जोडी जमवतात. म्हणून अंड्यांचा फोटो हा जोडीचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे त्याच दोन माशांबरोबर पोहणाऱ्या पिल्लांचा व्हिडिओ.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुमचं पाणी खराब. पाण्याचे आकडे पाठवल्यावर म्हणाला, "रंग टिकवायचा तर आमचंच खाद्य घालावं लागतं." त्या पाकिटावर घटकांची यादी नव्हती. घटक विचारल्यावर उत्तरं बंद झाली. गॅरंटी होती ती फक्त मासा जिवंत पोहोचण्याची, आणि मासे जिवंतच पोहोचले होते.

पैसे देण्याआधी पांढऱ्या दिव्याखाली काढलेला व्हिडिओ मागा, गुलाबी ट्यूबखाली कुठलाही मासा लाल दिसतो. त्यात मासे खाताना दिसले पाहिजेत आणि एकदा वरून दिसले पाहिजेत. आई-बाप दाखवा म्हणा. रोजचं खाद्य कोणतं ते विचारा आणि पाकिटाचा फोटो घ्या. एकाच वयाच्या पिल्लांमध्ये रंग थोडा कमी-जास्त असायला हवा, सगळीच सारखी भडक असतील तर सोडून द्या. ब्लू अकारा या शांत सिक्लिडच्या नावाखाली ग्रीन टेरर या दांडग्या सिक्लिडची पिल्लं देणारेही आहेत. लहानपणी दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात आणि मोठा झाल्यावर ग्रीन टेरर शांत टँकची वाट लावतो. माझा सल्ला विचाराल तर जोडीच्या नादी लागूच नका. 5-6 करडी, चपळ, भुकेली पिल्लं घ्या, मोठा टँक द्या, त्यांची जोडी ती स्वतः जमवतील.

असे मासे आधीच गळ्यात पडले असतील तर साधं चांगलं खाद्य द्या आणि पाणी नियमित बदला, ते पुढे बरीच वर्षं जगू शकतात. कोणाला द्यायचे झाले तर रंग का उतरला ते खरं सांगून द्या. आणि कितीही वैताग आला तरी नदीत किंवा तळ्यात सोडू नका.