सेन्सरवरचा १२७ दाखवून आमचा बोर्ड पळवला

लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी संगणक-प्रणाली) तापमान दाखवणारी ‘सेन्सर्स’ ही कमांड दिली आणि एखाद्या ओळीत १२७ डिग्री दिसलं, तर घाबरू नका. तो आकडा दाखवून कोणी मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग जोडलेले असतात ती मुख्य पाटी, पुढे नुसता ‘बोर्ड’) बदलायला सांगत असेल, तर कॅबिनेट त्याच्या ताब्यात अजिबात देऊ नका. ऐन हंगामात आमचा चांगला बोर्ड याच आकड्यावर गेला, वर आम्हीच ६,८०० रुपये मोजले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचा कागद अजून पुरता मिटलेला नाही. हायवेवरच्या एका मोठ्या गावात आहे एवढं पुरे.

आम्ही देवगड तालुक्यातले. घरची हापूसची कलमं आहेत आणि पेट्या थेट गिऱ्हाईकाला पाठवतो. मार्च ते मे सगळ्या ऑर्डरी, पत्ते, कुरिअरच्या पावत्या एका जुन्या डेस्कटॉपवर असतात. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यावर लिनक्स मिंट. पुण्याच्या भाच्याने बसवून दिलं होतं आणि बरीच वर्षं कुरकूर नव्हती. समुद्र जवळ असल्याने हवा खारट, आणि अंगणातली तांबडी धूळ खिडकीतून आत येतेच. पंख्याच्या पात्यांवर ती दमट धूळ चिकटून बसते. फुंकर मारून जात नाही, ब्रशने खरवडावी लागते.

एप्रिलमध्ये दुपारी संगणक आपोआप बंद पडायला लागला. सकाळी ठीक, दुपारी दोनच्या सुमारास फटकन काळा पडदा. मी बागेत, घरी बायको. तिने दुकानात फोन केला, एक पोरगा दुचाकीवरून आला. भाच्याने तापमान बघायला टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची काळी खिडकी, कशी उघडायची ते तिला शिकवून ठेवलं होतं, तिने ते उघडून दाखवलं. बाकीचं तिच्याच तोंडून ऐकलेलं. पोरगा म्हणाला, “वैनी, ह्या बघितल्यात? एकशे सत्तावीस! बोर्ड जळाक इलो. आता बंद नाय केल्यात तर हार्ड डिस्क पण जातली.” मग खाली बोट दाखवलं. तिथे चार-पाच ओळींच्या शेवटी ‘अलार्म’ लिहिलेलं. डिस्क जाणार म्हटल्यावर हिच्या डोळ्यांसमोर सगळ्या ऑर्डरी आल्या. पोरगा कॅबिनेट घेऊन गेला. नशिबाने त्याआधी तिने पडद्याचा एक फोटो काढून मला पाठवला होता. नुसता ‘बघा काय दाखवतंय’ म्हणून.

आता त्या फोटोत काय होतं ते नीट सांगतो, कारण सगळी लबाडी तिथेच पकडता येते.

‘सेन्सर्स’ जे दाखवतं ते एकाच ठिकाणाहून येत नाही. ‘कोअरटेम्प’ नावाखालचे आकडे प्रोसेसरच्या पोटातून येतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला (आतल्या प्रत्येक गणकाला) आतच सेन्सर असतो आणि तो कमाल मर्यादेपासून आपण किती लांब आहोत ते सांगतो. आमच्या प्रोसेसरची ती मर्यादा १०० डिग्री, ओळीच्या शेवटी ‘क्रिट’ म्हणून छापलेलीच असते. एएमडीच्या प्रोसेसरला याच जागी ‘के-टेन-टेम्प’ दिसतं. दुसरा गट मदरबोर्डवरच्या एका वेगळ्या चिपमधून येतो. ही चिप पंख्यांचे फेरे, व्होल्टेज आणि बोर्डावरचं तापमान मोजते. आमच्या बोर्डावर नुव्होटॉनची ‘एनसीटी ६७७९’ होती. तिला तापमानाच्या तारा जोडायला बऱ्याच पिना असतात, पण बोर्ड बनवणारे त्यातल्या सगळ्या वापरत नाहीत. ज्या पिनेला काहीच जोडलेलं नाही ती हवेत लोंबकळते आणि तिथून वाटेल तो आकडा येतो. ‘ऑक्सटिन’ नावाच्या ओळींत कधी उणे ६२, कधी १२७. हे १२७ सुद्धा कुठून आकाशातून पडत नाही. चिन्हासकट आठ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक तोच. काटा टोकाला जाऊन अडकलाय, एवढाच त्याचा अर्थ.

आणि अलार्म? व्होल्टेजच्या ओळींत किमान-कमाल मर्यादा कोणी भरलेल्याच नसतात, दोन्हीकडे शून्य. त्यामुळे कुठलंही व्होल्टेज मर्यादेबाहेर ठरतं आणि पुढे अलार्म उमटतो. ‘इन्ट्रूजन’ची ओळ तर कॅबिनेटचं झाकण उघडलं का ते सांगणारी. साध्या कॅबिनेटला ती तार नसतेच, त्यामुळे तिथेही बहुतेक वेळा अलार्मच दिसतो. माहीत नसलेल्या माणसाला घाबरवायला एवढं साहित्य पुरेसं आहे.

खरी भानगड त्याच फोटोत वरच्या बाजूला होती. कोअर झीरो ९७, कोअर टू ९६, आणि प्रोसेसरचा पंखा जेमतेम सहाशे फेऱ्यांवर. म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, हीटसिंक, धुळीने बुजलेला, आणि दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली. प्रोसेसर १०० ला टेकला की आधी स्वतःचा वेग पाडतो, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला वीज तोडतो. दुपारचा काळा पडदा हाच. साफसफाई आणि चिमूटभर पेस्ट, एवढंच काम. पोराने या ओळींकडे बोट दाखवलं नाही. बोर्डावर कुठे खरोखर १२७ डिग्री असते तर त्यालाही कॅबिनेटमध्ये हात घालवला नसता.

कॅबिनेट परत आलं, बिलावर ‘नवीन मदरबोर्ड’ आणि ‘सर्व्हिस’. संगणक थंड चालत होता, दुपारी बंद पडत नव्हता. पडणार कसा, बोर्ड बदलताना हीटसिंक काढावाच लागतो, तेव्हा तो साफ झाला आणि पेस्टही नवी लागली. रोग गेला म्हटल्यावर औषधावर संशय कोण घेतो? फक्त ‘सेन्सर्स’मध्ये आता चार-पाचच ओळी राहिल्या होत्या, पंख्याची ओळ गायब. हिने फोनवर विचारलं तर मालक म्हणाला, “लिनक्सात असा होताच. विंडोज टाकून घेवा, सगळा दिसतला.” वर समजूत घातली की बोर्ड २७.८ डिग्री दाखवतोय म्हणजे एकदम थंडगार.

मे महिन्यात भाचा आंबे खायला आला आणि त्या २७.८ वरच त्याची नजर अडली. ही ‘एसीपीआयटीझेड’ नावाची ओळ. तो सकाळी बघतो तर २७.८, भर दुपारी बघतो तरी २७.८. खोलीत भिंतीवरचा तापमापक ३३ दाखवतोय आणि चालू बोर्ड त्याच्यापेक्षा थंड! काही बोर्डांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्राम) हा आकडा कायमचा लिहूनच ठेवलेला असतो, तो मोजलेला नसतोच. “मामा, तुमच्या बोर्डावर आधी हा आकडा नव्हता,” तो म्हणाला.

मग त्याने संगणक पुन्हा चालू करून लोगोआड काय चाललंय ते पाहिलं. एक लाल ‘फेल्ड’ ओळ होती, कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे तुकडे) लोड झाले नाहीत अशी. पूर्वी त्याने स्वतः ‘एनसीटी ६७७५’ हा ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम, सुरुवातीलाच लोड व्हावा म्हणून लिहून ठेवला होता (६७७९ चिपलाही हाच चालतो). हाताने लोड करून पाहिला तर उत्तर आलं ‘नो सच डिव्हाइस’. बोर्डावर कोणती चिप आहे ते शोधणारी ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ कमांड चालवल्यावर सापडली ती आयटीई कंपनीची ‘आयटी ८७२८’. ही चिप बोर्डाला झाळलेली असते. पेस्ट लावून, पंखा बदलून किंवा लिनक्सवर राग काढून ती बदलत नाही. बोर्ड दुसरा असेल तरच चिप दुसरी.

या चिपचा ‘आयटी-८७’ ड्रायव्हरही सरळ लोड झाला नाही, ‘रिसोर्स बिझी’ म्हणाला. या बोर्डांवर बायोसने तेच पोर्ट स्वतःकडे अडवून ठेवलेले असतात. यावर इंटरनेटवर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे बूटच्या ओळीत ‘एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस’ला ‘लॅक्स’ करणं, म्हणजे ही अडवणूक ढिली करणं. चालतं ते, पण मग बायोस आणि ड्रायव्हर एकाच चिपला एकाच वेळी चिमटे काढू शकतात. म्हणून भाच्याने ते फक्त तपासण्यापुरतं केलं आणि काढून टाकलं.

बोर्ड बदलला होता हे आमच्याच बिलावर लिहिलेलं, त्यात चोरी नाही. चोरी पुढे आहे. ‘डीएमआयडिकोड’ या कमांडने बोर्डाची माहिती काढली तर सिरीयल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (बनवणाऱ्याने भरायचं, म्हणजे कोणी भरलेलंच नाही), आणि बायोसची तारीख २०१४ ची. नवीन बोर्ड म्हणे! चौथ्या पिढीचे प्रोसेसर २०१३ साली आले. त्यांचे बोर्ड मोठ्या कंपन्यांनी बनवणं केव्हाच थांबवलंय. आज ‘नवीन’ म्हणून मिळतो तो एकतर बिनानावाचा किंवा कोणाचा तरी काढलेला. झाकण उघडलं तर बॅटरीच्या खोबणीपाशी हिरवट-पांढरा थर आणि दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली. आमचा जुना बोर्ड नामांकित कंपनीचा, धडधाकट. जळलेला असता तर १२७ दाखवायलाही उठला नसता. दुकानात विचारलं, जुना बोर्ड कुठाय? “तो भंगारात गेलो.”

आमच्याकडे जुन्या बोर्डाचा पुरावा काय? बिल नव्हतं, खोकं नव्हतं. पण हार्ड डिस्क आमचीच होती, आणि लिनक्स प्रत्येक वेळी सुरू होताना काय काय सापडलं ते लिहून ठेवतं. या नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ कमांडमधून भाच्याने एप्रिलमधल्या एका दिवसाची नोंद काढली. सुरुवातीच्याच ओळींत ‘डीएमआय’ शब्दापुढे बोर्डाची कंपनी, मॉडेल, बायोसची तारीख. थोडं खाली नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा वेगळा ओळख क्रमांक), तो बोर्डावरच्या कार्डाचा असल्याने बोर्डाबरोबरच जातो. बंद पडण्याच्या दुपारी तर चक्क लिहिलेलं होतं की कोअरचं तापमान मर्यादेवर गेल्यामुळे प्रोसेसरचा वेग कमी केला. आणि हिचा फोटो होताच. दुकानदाराने ‘विंडोज टाका’ हे का लावून धरलं होतं ते तेव्हा उमगलं. डिस्क फॉरमॅट झाली असती तर हे सगळं पुसलं गेलं असतं. त्याच्या डोक्यात एवढं असेल की नसेल, पण फायदा त्याचाच.

हे सगळं छापून मी दुकानात गेलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्याचं प्रात्यक्षिक पाहिलं. आधी ‘तुम्हांक काय कळता’, मग ‘तुमच्या भाच्यान काय तरी केल्यान’. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, त्याचा क्रमांक घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा भाषा बदलली. बोर्डाचे पैसे मिळाले, सर्व्हिसचे मिळाले नाहीत, जुना बोर्ड तर नाहीच. आता ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा ग्राहक आयोगात जायचं की नाही ते ठरवतोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असंही नाही. लागते ती आंब्याच्या हंगामाबाहेरची सवड.

तुमच्याकडे लिनक्स असो की आणखी काही, कॅबिनेट घराबाहेर जाण्याआधी ‘डीएमआयडिकोड’मधला बोर्डाचा नंबर आणि ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्क तपासणाऱ्या कमांडमधला डिस्कचा नंबर आणि तिचे चालू तास एका कागदावर घ्या, त्यावर नेणाऱ्याची सही घ्या. मेमरी किती आणि कोणती तेही लिहा, आठच्या जागी चार जीबी बसवणारे आहेत. जुना सुटा भाग परत हवा हे बिलावर आधीच लिहून घ्या. आणि त्या लोंबकळणाऱ्या ओळी दिसूच नयेत असं वाटत असेल तर सेन्सर्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये चिपच्या नावाखाली ‘इग्नोर’ लिहून पुढे त्या सेन्सरचं मूळ नाव (‘ऑक्सटिन’ नव्हे, ‘टेम्प ३’सारखं) टाकलं की झालं, पैसे पडत नाहीत. भाच्याने ते आधीच केलं असतं तर पोराला दाखवायला १२७ मिळालाच नसता, हे मी त्याला ऐकवलंय.

गेल्या महिन्यात मिठबावकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांचं होमस्टे आहे. तेच दुकान, तोच १२७, बिल ७,२००. त्यांच्यात विंडोज टाकून झालं होतं, म्हणजे नोंदी गेल्या. पण त्यांच्या बोर्डाचं खोकं माळ्यावर होतं, त्यावर सिरीयल नंबरचा स्टिकर. मी त्यांना खोक्याचा आणि आतल्या बोर्डाचा, दोन्ही फोटो काढायला सांगितले. दोन नंबरांत एकही आकडा जुळत नाही. ते सोमवारी १९१५ ला फोन लावतायत.