क्रूझवरचं जेवण आणि मधुमेह: डायनिंग रूम उत्तम, ‘शुगर-फ्री’ काउंटर निराशाजनक

मधुमेह असलेल्या माणसाने क्रूझवर जेवायचं कुठे, याचं उत्तर सरळ आहे: मुख्य डायनिंग रूममध्ये. बुफे सोयीचा वाटतो, पण तिथला पदार्थ मोठ्या भांड्यात आधीच तयार झालेला असतो. त्यात किती साखर, किती मैदा पडलाय हे वाढणाऱ्याला सहसा माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी काढता येत नाही. डायनिंग रूममध्ये तुमचं ताट वेगळं लागतं, त्यामुळे ते हवं तसं बदलून मागता येतं. जहाजावरच्या बाकी सगळ्या सोयी या एका गोष्टीपुढे दुय्यम आहेत.

मात्र ही सेवा आपोआप मिळत नाही. बुकिंग झालं की खास आहाराची मागणी क्रूझ कंपनीला लेखी कळवा, निघण्याच्या निदान महिनाभर आधी. नुसतं ‘डायबेटिक’ लिहून भागत नाही, कारण त्यातून स्वयंपाकघराला फक्त ‘गोड नको’ एवढंच कळतं. नेमकं लिहा: सॉस वेगळ्या वाटीत, भात किंवा बटाट्याच्या जागी दुप्पट भाजी, सूप कॉर्नफ्लोर न लावलेलं, सॅलडवर ड्रेसिंग न घालता. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी हेड वेटरला गाठून हेच पुन्हा सांगा. कंपनीला पाठवलेला मेल स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला असेल या भरवशावर राहू नका. पुढे रोज रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवसाचा मेन्यू मागवून तिथेच निवड सांगून ठेवायची. आदल्या रात्री सांगितलं तर वेगळं शिजवता येतं. ऐनवेळी सांगितलं तर फक्त ताटातून काहीतरी काढून टाकता येतं. ठरलेलं टेबल आणि ठरलेला वेटर असलेली बैठक मिळत असेल तर तीच घ्या. रोज नव्या माणसाला पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही.

मेन्यू वाचताना ‘ग्लेझ्ड’ हा शब्द दिसला की मध किंवा साखरेचा थर आहे असंच धरून चाला, मग तो मासा असो वा गाजर. बार्बेक्यू सॉस, तेरियाकी, गोड-आंबट या नावांखालीही साखरच असते. भात, ब्रेड आणि पास्ता यांचा अंदाज डोळ्यांनी घ्यावा लागतो: शिजलेला भात किंवा पास्ता एक तृतीयांश कप म्हणजे साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, ब्रेडची एक स्लाइसही तेवढीच. बशीत भाताची जी मूद येते ती सहज कपभर असते, म्हणजे ४५ ग्रॅम झाले. ब्रेडची टोपली तर पहिली डिश येण्याआधीच टेबलावर असते. ती उचलून न्यायला सांगणं हा सगळ्यात सोपा उपाय.

डायनिंग रूमचा खरा दोष वेळेचा आहे. रात्रीचं जेवण तीन-चार टप्प्यांत येतं आणि दीड-दोन तास चालतं. जलद इन्सुलिन घेणारे घरच्या सवयीने टेबलावर बसल्या बसल्या इंजेक्शन घेतात. मग सूप येतं, सॅलड येतं, दोन्हींत कर्बोदकं जेमतेम, आणि मुख्य डिश येईपर्यंत शुगर खाली आलेली असते. म्हणून कर्बोदकं असलेली बशी समोर आल्यावरच इंजेक्शन घ्या, किंवा डोस दोन भागांत कसा घ्यायचा हे निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर जेवणाची उशिराची पाळी टाळलेली बरी, कारण जेवण लांबलं तरी त्या शुगर उतरवत राहतात. तळलेलं, क्रीम-चीज घातलेलं जेवण असेल तर शुगर उशिरा चढते. झोपण्याआधी एकदा तपासाच.

बुफेला बाद करायचं कारण नाही, सकाळी तो चांगला आहे. समोर करून मिळणारं ऑम्लेट, भाज्या, चीज, साधं दही, अखंड फळ एवढ्यावर नाश्ता व्यवस्थित होतो. चुकतं ते रस, फळांचं दही आणि म्यूस्ली यांत. २४० मिलि संत्र्याच्या रसात जवळपास २५ ग्रॅम साखर असते. आणखी एक: फळ सोलल्यावर हात न धुता शुगर तपासली तर बोटावरच्या रसामुळे आकडा खोटा वाढलेला दिसतो. सॅनिटायझरने तो रस नीट जात नाही, साबण-पाणीच हवं.

‘शुगर-फ्री’ मिठायांचा काउंटर मात्र निराश करतो. साखर काढलेली असते, पण मैदा, दूध, फळांचा गर तसाच असतो, आणि गोडीसाठी बहुतेक वेळा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल. माल्टिटॉल शुगर थोडीफार वाढवतोच, आणि दोन-तीन तुकडे खाल्ले की पोट फुगून जुलाब होऊ शकतात. भर समुद्रात हे नको. त्यापेक्षा नेहमीच्या डेझर्टचे चार चमचे हिशेबात धरून खावेत किंवा बेरी आणि चीज मागावं.

रूम सर्व्हिस सोयीची आहे, पण रात्री शुगर लो झाल्यावर तिच्यावर विसंबून चालणार नाही. ट्रे यायला अर्धा तास लागू शकतो. ग्लुकोजच्या गोळ्या उशाशी ठेवा. मीटर ७० मिलिग्रॅमच्या खाली दाखवत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ४ ग्रॅमच्या साधारण चार गोळ्या किंवा १२० मिलि रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून खालीच असेल तर तेवढंच पुन्हा. संध्याकाळी दारू घेतली असेल तर धोका पहाटेपर्यंत राहतो, कारण यकृत दारू निपटण्यात गुंततं आणि साखर सोडायचं काम मागे पडतं. हॉट टबचंही लक्षात ठेवा: उष्णतेने इन्सुलिन पटकन शोषलं जातं आणि शुगर घसरू शकते.

केबिनमधला छोटा फ्रिज हा पुष्कळदा फक्त शीतपेयं गार ठेवणारा कूलर असतो. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सियस लागतं. काही फ्रिज तेवढे गार होतच नाहीत, काहींत मागच्या पत्र्याला टेकलेली बाटली गोठते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. छोटा थर्मामीटर आत ठेवून पहिल्या रात्री आकडा बघा. आकडा बसत नसेल तर औषधांसाठीचा फ्रिज मागा, तो आधी कळवल्यास सहसा मिळतो. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस चालतं, त्याला फ्रिजची गरज नाही. सुयांसाठी जाड डबा केबिन अटेंडंटकडे मागा. कचऱ्याच्या पिशवीत सुई टाकली की ती सफाई करणाऱ्याच्या हातात घुसते. औषधं, मीटर, पट्ट्या हातातल्याच बॅगेत हव्यात, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते.

बंदरावर उतरताना बुफेतलं फळ किंवा सँडविच बरोबर नेऊ नका. बऱ्याच देशांत ताजं अन्न किनाऱ्यावर नेण्यास बंदी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर तपासणी फार कडक असते आणि दंड होतो. ग्लुकोजच्या गोळ्या आणि सीलबंद पाकीट चालण्याची शक्यता जास्त, पण फॉर्मवर ते जाहीर करा. किनाऱ्यावर इन्सुलिन विकत घ्यायची वेळ आलीच तर बाटलीवरची ताकद वाचा: काही देशांत १ मिलिमध्ये ४० युनिट असतात, काही ठिकाणी १००. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन ओढलं तर डोस अडीच पट होतो.

जहाजावरचा दवाखाना तातडीच्या वेळी कामाचा आहे, पण तुमचंच इन्सुलिन तिथे असेल असं नाही; लागतं त्याच्या दुप्पट बरोबर न्या. समुद्र लागून उलट्या सुरू झाल्या तर खाणं थांबलं म्हणून लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी त्या दिवशी गोळी थांबवण्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं, कारण या औषधांवर शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढू शकतात. कीटोनच्या पट्ट्या बॅगेत ठेवा, आणि पाणीही पोटात टिकत नसेल तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.